धुरांडं जमिनीत गेलं तेव्हा

मी एक जुना स्टिरिओस्कोप आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. माझ्या शेजारच्या बरणीतल्या बेडकाचं शास्त्रीय नाव याहून कठीण आहे आणि ते तुम्ही घडाघडा म्हणता. चार आरसे, दोन भिंगं आणि टेबलावर उभं राहायला चार बारीक पाय, एवढाच माझा संसार. मी पोट खपाटीला गेलेल्या खेकड्यासारखा दिसतो, असं मला एका बाईने तोंडावर सांगितलं होतं. मला राग आला नाही, कारण तिला खेकड्यांतलं चांगलं कळत होतं. तिची गोष्ट पुढे येणारच आहे.

आधी माझं काम समजून घ्या. अंगठा नाकासमोर धरा. उजवा डोळा मिटून पाहा, मग डावा मिटून पाहा. अंगठा सरकल्यासारखा वाटतो ना? तो जागचा हललेला नसतो. तुमचे डोळे दोन जागी आहेत, म्हणून ते दोन गोष्टी सांगतात, आणि या दोघांच्या भांडणातूनच जवळ काय नि लांब काय हे तुम्हाला कळतं. जंगलावरून विमान जातं तेव्हा त्यातला कॅमेरा एकामागून एक फोटो घेत असतो. एकच झाड दोन फोटोंत येतं, पण दोन वेगळ्या जागांवरून टिपलेलं. ते फोटो माझ्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे आणि वरून भिंगांतून पाहायचं. डाव्या डोळ्याला डावा फोटो, उजव्याला उजवा. आधी सगळं गढूळ दिसतं. मग एकाएकी कागद फुगतो, टेकडी वर येते, नाला खाली जातो आणि झाडं उभी राहतात. पहिल्यांदा पाहणारा माणूस, मग तो कितीही मोठा साहेब असो, झाडाला शिवायला हात पुढे करतो. नख कागदावर आपटतं आणि साहेब ओशाळतो. ते पाहायला मला फार आवडतं.

माझा जन्म रुडकीच्या एका कारखान्यातला. माझे आरसे मानसिंग नावाच्या कारागिराने बसवले. तुमच्या घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. आमच्या जातीच्या आरशांना तो पुढे असतो, उघडा, दुधावरच्या सायीसारखा. नुसतं बोट लागलं तरी डाग राहतो. मानसिंग श्वास रोखून काम करायचा आणि शेजारच्याला बजावायचा, "उँगली मत लगाना भाई, इसका चेहरा ही इसका कलेजा है." हिरव्या कापडाचं अस्तर असलेल्या लाकडी पेटीत त्याने मला झोपवलं आणि झाकणावर हलकी थाप मारली. तशी थाप मला पुन्हा कोणी मारली नाही.

सुरुवातीची वर्षं मी विदर्भातल्या सागाच्या रानांवर घालवली. म्हणजे त्यांच्या फोटोंवर. साग कुठे संपतो आणि बांबू कुठे लागतो, वणवा कुठून गेला, कुठला डोंगर उघडा पडला, हे माझ्यातून पाहून माणसं रंगीत पेन्सिलीने रेघा ओढायची. माझ्या जोडीला एक मोजपट्टी होती. तिच्या काचांवरचे दोन ठिपके माझ्यातून पाहिले की एकच होऊन हवेत तरंगायचे. तो ठिपका आधी झाडाच्या शेंड्यावर टेकवायचा, मग बुंध्याशी उतरवायचा, की झाडाची उंची मिळाली! महिनोन्महिने पायपीट करून कळायचं ते टेबलाशी बसून कळतं, म्हणून माझं कौतुक व्हायचं. पण जाणती माणसं एक रीत मोडत नसत. नकाशा झाला की ती पायात बूट चढवून रानात जायची आणि कागदावर दिसलं ते जमिनीवर आहे ना, हे पाहून यायची.

नव्वदच्या दशकात माझी पेटी वाशीला आली, एका लहानशा सर्वेक्षण कचेरीत. कचेरीचा मालक सुधीर. माणूस सरळ आणि कष्टाळू, पण घाईचा भारी. त्याची प्रत्येक गोष्ट सुबक हवी. नकाशाची उत्तर दिशा कागदाच्या वरच्या बाजूला नसली की त्याला जेवण गोड लागत नसे. माझ्यावर काम करायची अरुणा. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली, कोपरखैरण्यात राहणारी, सई नावाच्या लहान मुलीची आई. ती माझ्यावर वाकली की मला बरं वाटायचं. आरशांवरची धूळ ती मऊ कुंचल्याने झटकायची, बोट कधी लावत नसे.

तेव्हा कचेरीला खाडीकाठच्या जंगलाचं काम मिळालं होतं. खाडीला कसलं जंगल, असं म्हणू नका. चिखलात मुळं रोवून, भरतीचं खारं पाणी पिऊन तिवराची झाडं उभी असतात, ते जंगलच. पावणे गावाच्या खाडीकडेला असं एक तिवरांचं बन होतं. एका बाजूला कारखान्यांची रांग, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये गावाचा जुना बांध. ट्रक उभे करायला भराव टाकून मैदान करायचं ठरत होतं. जिथे जंगल नाही तिथेच भराव टाकायचा, असा नियम होता, आणि कुठे जंगल आहे हे एका समितीला आमच्या नकाशावरून कळणार होतं. म्हणजे त्या बनाचा जीव माझ्या चार पायांखाली होता.

अरुणा फोटो नेहमी दक्षिण वर करून ठेवायची. त्याला कारण होतं. आपल्याकडे भर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो आणि सावल्या उत्तरेला पडतात. सावली पाहणाऱ्याच्या अंगावर आली, तरच नजरेला उंच ते उंच दिसतं. सुधीरला ते पाहवत नसे. "अगं, दक्षिणेला पाय करून माणूस झोपत नाही आणि तू ती दिशा डोक्यावर घेऊन बसतेस!" असं तो चिडवायचा. अरुणा म्हणायची, "सर, मी झोपत नाहीये ना, काम करतेय." आणि दोघं हसायची.

तिने ते बन पेन्सिलीने आखलं. मग रीतीप्रमाणे ती चिखल तुडवून पाहूनही आली. वाट दाखवायला होती गावातली यशोदाबाई. बांधालगत तिचं घर. ओहोटीला तिवरांत शिरायचं आणि खेकडे घेऊन यायचं, हा तिचा वर्षांनुवर्षांचा उद्योग. अरुणा परत आली ती गुडघ्यापर्यंत काळी होऊन, पण तोंड भरून हसत.

नेमकं तेव्हाच सईला कांजिण्या आल्या आणि अरुणा रजेवर गेली. इकडे समितीला नकाशाची घाई झाली. सुधीर स्वतः माझ्यापुढे बसला. दोन्ही फोटो पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने बसवलेले होते, दक्षिण वर. त्याने चिकटपट्टी सोडवली. डावा फोटो उचलला, उत्तर वर करून पुन्हा डावीकडेच ठेवला. उजवा उचलला, तोही फिरवून उजवीकडेच ठेवला आणि पुन्हा चिकटपट्टी लावली. आता सगळं कसं नीट झालं, असं त्याला वाटलं.

मित्रांनो, इथेच घात झाला. फोटो अर्धा फेरा फिरवले तर त्यांच्या जागाही बदलाव्या लागतात. जागा बदलल्या नाहीत, की डाव्या डोळ्याला उजव्याचा फोटो मिळतो आणि उजव्याला डाव्याचा. मग जग उलटं होतं. उंच ते खोल आणि खोल ते उंच. तिवरांचं उभं बन खाली धसलं, त्याचे काळे खड्डे झाले. त्यातून वाहणाऱ्या खाडीच्या फाट्यांचे उंच बांध झाले. खड्डे आणि त्यांभोवती बांध. ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे दिसलं तर तो काय म्हणेल?

"अरेच्चा, हे तर मिठागर!" सुधीर म्हणाला. "पडीक आहे. अरुणाला कडेची झाडं दिसली असणार, आतलं दिसलं नाही."

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला आवाज नाही. माझ्याखाली जसं ठेवाल तसंच मी दाखवतो. सुधीरने अरुणाची रेघ खोडली, तिथे 'पडीक मिठागर' असं सुंदर अक्षरात लिहिलं, सही केली आणि नकाशा पाठवून दिला. जमिनीवर जाऊन पुन्हा पाहण्याची रीत त्याने मोडली. सुबक नकाशा पाहून त्याला त्या दिवशी जेवण मात्र गोड लागलं.

अरुणा कामावर परतली, आणि तिच्या पाठोपाठ यशोदाबाई कचेरीत शिरली. कासोटा घातलेली, पाय चिखलाने भरलेले. फरशीची तिला पर्वा नव्हती.

"काय गो बाय, तू आमचे तिवरान आल्ती ना?" तिने दारातूनच विचारलं. "आपल्या डोल्यांनी बगून गेलीस ना? मंग लोकांनी लाल खुटं कशी ठोकलीन? बोलतात, कागदावर तिवरच नाय!"

"असं कसं होईल यशोदाबाई? मी स्वतः आखलंय," अरुणा म्हणाली.

"तिवर गेली त बांध ऱ्हाल का? उधानाचा पानी माझे घरान येल. मी काय कागद आरवा लावू पान्याला?"

अरुणाने नकाशाची प्रत काढली. पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. ती सुधीरकडे गेली. सुधीर शांतपणे म्हणाला, "मी स्वतः बघितलंय. खड्डे आणि बांध, अगदी क्लिअर. आता नकाशा मागे घेतला तर लोक हसतील. पुन्हा काम कोण देईल आपल्याला?"

"सर, एकदा बघूया. फक्त एकदा."

"टेन्शन घेऊ नकोस. तुझी चूक कोणाला सांगणार नाही मी."

हे ऐकून अरुणा गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती बसली नाही. "चूक माझी असेल तर मी सगळ्यांना सांगेन," ती म्हणाली. "पण आधी बघेन." तिने कपाटाची किल्ली मागून घेतली. हवाई फोटो देशाच्या सुरक्षेच्या दृष्टीने जोखमीचे, म्हणून ते कायम कुलपात असायचे. तिने पुठ्ठा जसा होता तसा माझ्याखाली ठेवला आणि वाकली.

तिलाही मिठागरच दिसलं. खरं सांगतो, तिच्या सुस्काऱ्याने भिंगावर वाफ धरली. स्वतः तुडवलेल्या चिखलावरचा तिचा विश्वासही डळमळला. पण सुधीरने नुसता तेवढाच तुकडा पाहिला होता, अरुणाने नजर फिरवली. फोटोच्या कडेला पावण्याच्या एका कारखान्याचं उंच धुरांडं होतं. ते धुरांडं विहिरीसारखं जमिनीत खोल गेलं होतं.

अरुणा खुदकन हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, अशी ती उठली. "सर, या. मिठागर राहू दे, ती फॅक्टरीची चिमणी बघा."

सुधीरने पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. "चिमणी... खड्ड्यात कशी जाईल?"

अरुणाने चिकटपट्टी सोडवली. डावा फोटो उजवीकडे, उजवा डावीकडे. सुधीरने पुन्हा डोळे लावले आणि त्याच्या समोर धुरांडं वर आलं, फाटे खाली गेले, आणि ते सारं बन एका दमात उभं राहिलं. बराच वेळ तो मान वर करेना. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

मग यशोदाबाई पुढे झाली. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यो त खपाटे पोटाचा खेकरा हाय," तिने निकाल दिला आणि डोळे लावले. "आई गो!" तिचा हात पुढे गेला. चिखलात खेकड्याचं बीळ चाचपावं तसा, अगदी जपून. नख कागदावर टेकलं. पण ती ओशाळली नाही. तिने हात तिथेच ठेवला आणि म्हणाली, "उबी हाय. माझी तिवर उबी हाय."

सुधीर तेव्हा उठला. घाईच्या माणसाचा एक गुण असतो. चूक करायला तो वेळ लावत नाही, पण ती निस्तरायलाही लावत नाही. फोनवर फोन करून त्याने फोटो बाहेर न्यायची परवानगी मिळवली आणि समितीला पावण्याच्या बांधावर बोलावलं. सकाळी मला पेटीत घालून रिक्षातून नेलं. खड्ड्याखड्ड्याला अरुणा पेटी पोटाशी धरत होती.

बांधावर मला ठेवायला सपाट जागा नव्हती. गावातल्या तरुण मंडळाने कॅरम बोर्ड आणला आणि पिंपावर ठेवला. एरवी जिथे सोंगट्या फिरतात तिथे मी पाय रोवून उभा राहिलो. समितीचे प्रमुख कमळाकर नावाचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "कडेला झाडं दिसतात, ती मिठागराच्या बांधावर उगवतातच. आत काय आहे ते तुमच्याच नकाशात लिहिलंय. सहीपण तुमचीच."

"सही माझी आहे आणि चूकही माझी आहे," सुधीर सगळ्यांसमोर म्हणाला. "मी फोटो उलटे लावले. हिने बरोबर आखलं होतं, मी खोडलं. तुम्ही आता स्वतः बघा."

कमळाकर वाकले. खाडीच्या दमट वाऱ्याने माझे आरसे धुरकटले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि अरुणा "सर, नको!" म्हणेपर्यंत डावा आरसा खसकन पुसला. मानसिंगची साय ओरखडली गेली. वेदना झाल्या का, असं विचाराल तर झाल्या. पण ती वेळ कुरकुर करायची नव्हती. तीन आरसे शाबूत होते आणि चौथा अजून पुरता गेला नव्हता. जेवढं तेज माझ्याजवळ होतं तेवढं मी त्या दोन डोळ्यांत ओतलं. बन उभं राहिलं. कमळाकरांचा हात पुढे गेला, नख आपटलं, आणि ते ओशाळून हसले.

"दिसतंय खरं. पण फोटो फसवतो, हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत."

"म्हणूनच आत उतरायचं, सर," अरुणा म्हणाली. तिने फाट्याच्या वळणावरचं एक उंच झाड ठिपका टेकवून मोजलं. तीन पुरुष उंच भरलं. "हेच झाड शोधू या. नाही सापडलं तर भराव टाका."

यशोदाबाई पुढे, हातात खुणा केलेला लांब बांबू घेऊन अरुणा मागे. सुधीरने इस्त्रीची पँट गुडघ्यावर दुमडली आणि तोही उतरला. थोडं थांबून कमळाकरांनीही बूट काढले. मी कॅरम बोर्डावरून पाहत राहिलो. त्यांच्या पाठी तिवरांत दिसेनाशा झाल्या. पाणी वर चढू लागलं होतं. बोलणं ऐकू येईना. मग आतून यशोदाबाईची आरोळी आली, "गावली! गावली गो!"

ती चिखलाने लडबडलेली माणसं बाहेर आली तेव्हा साहेब कोण आणि खेकडे धरणारी कोण, हे कपड्यांवरून ओळखू येत नव्हतं. झाड तिथेच होतं. बांबूने मोजलं तर वीतभराचा फरक निघाला, आणि तो फरक चिखलात रुतलेल्या बांबूचा असणार असं माझं आजही मत आहे. कमळाकरांनी बांधावरच नकाशा दुरुस्त करून घेतला. भराव रद्द झाला. लाल खुंट यशोदाबाईने स्वतः उपटले. पुढे तिने त्यांवर दोरी बांधून बोंबील वाळत घातले, असं अरुणा सांगत होती.

कचेरीचं काम काही गेलं नाही. चूक कबूल करणाऱ्यावर लोक उलट जास्त भरवसा ठेवतात. माझ्यावर मात्र उतरती कळा आली. कचेरीत संगणक आला, उपग्रहाची रंगीत चित्रं आली. माझा आरसा बदलायचं राहून गेलं. आधी मी कपाटावर गेलो. मग माझी पेटी संगणकाची उंची वाढवायला त्याच्या खाली ठेवली, मी आत असताना! त्याच्या ओझ्याखाली अंधारात पडून मला रडू यायचं. पण मी मोडलो नाही. एकदा उभं राहिलेलं बन मी पाहिलं होतं, आणि ते पुन्हा कोणाला तरी दाखवायचं असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

ती संधी अरुणाने दिली. कचेरीची आवराआवर निघाली तेव्हा तिने मला मागून घेतलं आणि सईच्या, म्हणजे तुमच्या, या कोपरखैरण्याच्या शाळेत आणलं. विमानातले फोटो कुलपातले, ते तिला आणता येईनात. मग ती पावण्याच्या एका कारखान्याच्या गच्चीवर चढली. एक फोटो काढला, बाजूला सरकली आणि दुसरा काढला. यंदाच्याच थंडीतले, एकोणीसशे नव्याण्णवचे हे फोटो तुमच्यासमोर आहेत. तिवरं आता बांधाला चांगली भिडली आहेत.

मित्रांनो, माझे आरसे पुसू नका, फुंकरही घालू नका. मऊ कुंचला पेटीतच आहे. डाव्या बाजूला तुम्हाला एक पुसट रेघ दिसेल, तेवढी चालवून घ्या. तो त्या दिवसाचा ओरखडा आहे. आणि जग कधी उलटं दिसायला लागलं, सगळे जण उभ्या झाडांना खड्डे म्हणायला लागले, तर घाबरू नका. कडेला कुठे धुरांडं दिसतं का ते शोधा. मग बूट काढा आणि चिखलात उतरून स्वतः पाहा.

चला, आता एकेकाने वाका. झाड उभं राहिलं की तुमचा हात पुढे जाईल. जाऊ द्या. इथे नख कागदावर आपटेल, त्याचं मला काही वाटत नाही. पण मोठे होऊन पावण्याच्या बांधावर तुम्ही तोच हात पुढे कराल, तेव्हा त्याला तिवराचं ओलं पान लागलं पाहिजे. तेवढं सांभाळा.